सगळं सपाट का दिसतं? कृष्णधवल फोटोंविषयी वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही एकमेकांचे फोटो पाहून ब्लॅक अँड व्हाइट शिकण्याविषयी प्रश्न मागवले होते. बऱ्याच पत्रांत तक्रार एकच आहे, म्हणून तशी पत्रं एकत्र केली आहेत. नावं गाळून फक्त गावं दिली आहेत.

आम्ही सात जण दर रविवारी फिरून फोटो काढतो आणि ग्रुपवर टाकतो. उत्तरं ठरलेली: "कडक", "एक नंबर", नाहीतर अंगठा. वर्ष झालं, कुणाचाच फोटो पुढे सरकलेला नाही. स्पष्ट बोललं की माणूस रुसतो. – सांगली

ग्रुपवरचा अंगठा हा रस्त्यात भेटल्यावर केलेल्या नमस्कारासारखा असतो. तो माणसाला असतो, फोटोला नसतो. त्यावर चिडू नका, शिकायची जागा तेवढी बदला. महिन्यातून एकदा एकत्र बसा आणि प्रिंट घेऊन बसा. मोबाइलवर प्रत्येकाच्या पडद्याचा उजेड वेगळा, त्यात ऑटो ब्राइटनेस. सहा इंचांत गडद करडा आणि काळा यांतला फरक दिसतच नाही, आणि ब्लॅक अँड व्हाइटमध्ये सगळा खेळ त्या फरकाचा आहे.

प्रिंट ६ बाय ८ इंचांची चालेल. प्रत्येकाने दोनच आणायच्या. सात जणांच्या चौदा होतात, एकेकीला आठ मिनिटं दिली तरी दोन तासांच्या आत उरकतं. प्रत्येकी पाच आणल्या की शेवटच्या माणसाच्या वाट्याला जांभया येतात.

प्रिंट टेबलावर आडवी ठेवू नका. वरच्या दिव्याची चकाकी येते आणि काळा रंग धुरकट दिसतो. भिंतीशी उभी करा आणि पहिलं मिनिट कुणीही बोलू नका. मग पहिल्या फेरीत फक्त वर्णन करायचं: नजर आधी कुठे गेली, तिथून कुठे सरकली, सगळ्यात उजळ ठिकाण कुठलं, सगळ्यात काळं कुठलं. "छान", "प्रभावी", "डेप्थ नाही" हे शब्द या फेरीत बंद. दुसऱ्या फेरीत त्या उजेड-काळोखाचा विषयाशी संबंध लावायचा. "आजींचा गाल आणि मागची भिंत एकाच करड्या रंगाची आहे, त्यामुळे चेहऱ्याची कड हरवते" या वाक्यावर काम करता येतं. "पंच नाही" यावर काहीच करता येत नाही.

या दोन्ही फेऱ्यांत फोटो काढणाऱ्याने गप्प बसायचं. हे सगळ्यात अवघड जातं. "तेव्हा ढग होते", "मागून रिक्षा येत होती" ही माहिती प्रिंटवर नसते, म्हणून ती बघणाऱ्यालाही द्यायची नाही. टिपणं शेजाऱ्याने घ्यावीत, कारण ज्याचा फोटो आहे तो मनातल्या मनात उत्तरं जुळवत असतो. शेवटी त्याने सांगावं की आपल्याला काय दाखवायचं होतं. त्याला दाखवायचं होतं ते आणि लोकांना दिसलं ते, यांतलं अंतर हाच त्या दिवसाचा धडा.

मग एकच दुरुस्ती ठरवा, आणि पुढच्या महिन्यात तोच फोटो दुरुस्त करून जुन्या प्रिंटशेजारी ठेवा. बहुतेक मंडळी हे टाळतात, कारण सगळ्यांना नवा फोटो दाखवायचा असतो. पण दोन प्रिंट शेजारी ठेवल्याशिवाय दुरुस्तीने काय झालं ते कळत नाही.

रुसव्याबद्दल: वाक्याची सुरुवात "तू" ने करायची नाही, "मला दिसतंय" अशी करायची. आणि लेन्स कुठली होती हा प्रश्न चहा येईपर्यंत कुणीही विचारायचा नाही. एवढ्याने बराच फरक पडतो.

सगळे म्हणतात, "तुझे फोटो सपाट आहेत." मी कॉन्ट्रास्ट वाढवला. आता म्हणतात, "भडक आहेत." – चिंचवड

सपाट हा आजार नव्हे, लक्षण आहे, आणि त्याची कारणं तीन ठिकाणी असू शकतात: उजेडात, एक्सपोजरमध्ये (कॅमेऱ्यात किती उजेड घेतला त्यात) किंवा रंगाचं करडं करताना. कॉन्ट्रास्टची स्लाइडर यांतलं एकही कारण दूर करत नाही. ती उजळ ते अधिक उजळ आणि गडद ते अधिक गडद करते. जे दोन रंग मुळात एकाच करड्यावर येऊन बसले आहेत, ते तसेच चिकटून राहतात.

तुम्ही पाठवलेल्या तीनपैकी दोन फोटोंत घोटाळा रूपांतराचा आहे. लाल लुगडं आणि मागे हिरवा ऊस. डोळ्यांना फरक ठसठशीत दिसतो, पण तो फरक रंगाचा आहे, उजेडाचा नाही. लाल आणि हिरव्याची उजळपणाची पातळी जवळपास सारखी असेल, तर रंग काढल्यावर दोन्ही एक होतात. फोटोशॉपमधली डीसॅच्युरेट कमांड तर याहून वाईट. ती शुद्ध लाल, शुद्ध हिरवा आणि शुद्ध निळा या तिघांनाही नेमका एकच करडा देते. ती वापरत असाल तर आजपासून सोडा.

असं करा. फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या न दाबलेल्या मूळ फाइलमध्ये) काढा आणि संपादनात रंगीतच उघडा. लाइटरूममध्ये ब्लॅक अँड व्हाइट मिक्समध्ये लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा अशा आठ रंगांच्या स्लाइडर मिळतात. मोबाइलवर स्नॅपसीडच्या ब्लॅक अँड व्हाइट टूलमध्ये रंगीत फिल्टरची निवड आहे, कामचलाऊ आहे. पैसे न घालता नीट काम करायचं तर संगणकावर डार्कटेबल. लाल खाली ओढा आणि हिरवा थोडा वर घ्या, म्हणजे लुगडं गडद होऊन उसापासून सुटं होईल. किंवा याच्या उलट करा. कुठलं घ्यायचं ते विषय ठरवतो. बाई उसात मिसळून गेलेली हवी असेल तर मूळचंच बरोबर होतं, आणि तसं मंडळाला सांगा.

दोन धोके सांगतो. आकाश काळं करायला निळी स्लाइडर खेचली की आधी आकाशात दाणे उठतात, मग पट्टे पडतात, आणि झाडांच्या कडेने पांढरी झालर येते. जेपीजीमध्ये रंगाची माहिती आधीच दाबलेली असते, म्हणून तिथे हे लवकर होतं. दुसरा धोका नारिंगीचा. आपल्याकडच्या त्वचेचा बराचसा रंग नारिंगीत असतो, ती वर नेली की चेहरे भराभर उजळतात आणि लोक "फ्रेश वाटतंय" म्हणतात. सावळ्या चेहऱ्यावरचा घाम आणि सुरकुत्या त्यात धुऊन जातात. गोरं करायला ही स्लाइडर दिलेली नाही.

तुमच्या तिसऱ्या फोटोला मात्र कुठलीच स्लाइडर वाचवणार नाही. दुपारच्या ढगाळ उजेडात, भिंतीला समांतर उभं राहून काढलेला आहे. बाजूने येणारा उजेड नसेल तर दगडाचा खडबडीतपणा येणार कुठून? सकाळी परत जा.

मंडळात हा दोष पकडायचा तर डोळे अगदी किलकिले करून प्रिंट पाहा. तपशील जातात, फक्त मोठे डाग उरतात. दोन-तीन स्पष्ट डाग दिसले तर फोटो उभा आहे. एकच मऊ करडा ढग दिसला तर तो सपाट आहे.

वारीत काढलेल्या फोटोंत पांढरे कपडे एकतर मळके करडे दिसतात, नाहीतर पूर्ण उडतात, घडीसुद्धा दिसत नाही. चेहरे मात्र काळे. ग्रुपमध्ये एक जण म्हणतो एक्सपोजर वाढव, दुसरा म्हणतो कमी कर. – बारामती

दोघेही बरोबर आहेत, ते वेगवेगळ्या फोटोंबद्दल बोलत आहेत.

कॅमेऱ्याच्या मीटरला धोतर आणि कोळसा यांतला फरक कळत नाही. समोर येईल त्याला तो मधला करडा समजतो. चौकट धोतर-सदऱ्यांनी भरली की मीटर उजेड कमी करतो आणि पांढरं मळकं होतं. तिथे +१ ते +१⅔ स्टॉपची भरपाई (एक्सपोजर कॉम्पेन्सेशन) द्या. एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड. उलट, काळ्या बेसॉल्टच्या देवळापाशी मीटर दगडाला राखाडी करून टाकतो, तिथे -१ करा.

ऊन असताना मोजणी पक्की हवी असेल तर स्पॉट मीटर (चौकटीतली एक छोटी जागाच मोजणारा) उन्हातल्या धोतरावर लावा आणि आलेल्या मापापेक्षा दोन स्टॉप जास्त द्या. अॅन्सल अॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांच्या झोन सिस्टिमच्या (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत एकेका स्टॉपच्या पायऱ्या, पाचवी म्हणजे मधला करडा) भाषेत सांगायचं तर पाचव्या झोनमधलं पांढरं सातव्यात नेलं. तिथे पांढरं पांढरंच दिसतं आणि घडीही शिल्लक राहते. तीन स्टॉप दिले की घडी जायला लागते. टोपीच्या सावलीतला चेहरा त्यात काळा पडेल, तो रॉमधून वर उचला. शॅडोमध्ये माहिती असते, उडालेल्या पांढऱ्यात काही उरत नाही. हे डिजिटलचं झालं. फिल्मवर नेमकं उलटं करायचं: सावलीतला चेहरा धरून एक्सपोजर द्या, पांढरं निगेटिव्हवर दाट झालं तरी प्रिंट करताना आणता येतं.

आता भगव्या पताकेबद्दल. ती तुम्ही विचारली नाहीत, पण दोन फोटोंत तिच्या चुण्या गायब आहेत. कॅमेरा मोनोक्रोमवर ठेवल्यावर मागच्या पडद्यावर एकत्रित हिस्टोग्राम (उजेड-काळोखाचा आलेख) पाहिलात तर सगळं ठीक दिसतं. भगव्यात लाल चॅनेल मात्र इतर दोघांच्या खूप आधी भरतो आणि वर जाऊन चिकटतो. उन्हात भगवं कापड असेल तेव्हा लाल, हिरवा, निळा असा वेगवेगळा हिस्टोग्राम लावा आणि लालकडे बघून एक्सपोजर ठरवा. चौकटीत पताका मोठी असेल तर धोतरापेक्षा तिचाच हिशेब आधी करावा लागतो.

जुने लोक लाल-पिवळे फिल्टर वापरायचे. मी डिजिटल कॅमेऱ्यावर लावावेत का? – पणजी

लावू नका. नेहमीच्या डिजिटल सेन्सरवर चारांतला एकच बिंदू लाल उजेड टिपतो. लाल फिल्टर लावलात की उरलेले तीन जवळजवळ उपाशी राहतात आणि दाणे वाढतात. तेच काम रॉमध्ये स्लाइडरने होतं. पोलरायझर तेवढा ठेवा. पाण्यावरची आणि माडाच्या झावळ्यांवरची चकाकी नंतर काढता येत नाही.

फिल्म वापरत असाल तर मात्र घ्या. पिवळा एक स्टॉप खातो, नारिंगी दोन, लाल तीन. समुद्रकिनाऱ्याला पिवळा पुरतो. लाल फिल्टरने ओठ पांढरट पडतात, माणसांवर लावाल तर पस्तावाल.

घरी फिल्म धुतो. एचपी५ फिल्म, आयडी-११ डेव्हलपरमध्ये. उन्हाळ्यात नळाचं पाणी ३४ अंश. मित्र म्हणतात ग्रेन (दाणे) फार, आभाळात काहीच नाही. वेळ कमी करून पाहिला तर डाग पडले. – नागपूर

डाग पडणारच. गरम डेव्हलपरमध्ये (फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या रसायनात) वेळ इतका कमी होतो की रसायन सगळीकडे सारखं पोचायच्या आत काम संपतं. डेव्हलपरमधली वेळ पाच मिनिटांच्या खाली जाऊ द्यायची नाही हा नियम धरा, म्हणजेच पाणी थंड केल्यावाचून सुटका नाही.

विदर्भातला उन्हाळा कोरडा असतो, ही तुमची जमेची बाजू आहे. रात्रभर माठात ठेवलेलं पाणी बरंच उतरतं. मुंबईच्या दमट हवेत माठ एवढी मदत करत नाही. उरलेलं काम बर्फाने करा, पण बर्फ डेव्हलपरमध्ये टाकू नका, प्रमाण बिघडतं. दहा लिटरच्या टबात माठातलं पाणी घ्या, बर्फ प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून त्यात सोडा आणि डेव्हलपर, स्टॉप बाथ (डेव्हलपरचं काम थांबवणारा), फिक्सर (चित्र पक्कं करणारा) यांच्या बाटल्या त्या टबात उभ्या करा. २० अंश गाठायचा हट्ट नको, २४ वर थांबा. महत्त्वाचं हे की सगळ्या बाटल्या एकाच तापमानाला, अंशभराच्या फरकात हव्यात. शेवटच्या धुण्याचं पाणीही त्याच टबातलं घ्या.

३५ मिमीच्या एका रोलला ३०० मिली द्रावण लागतं: १५० आयडी-११ चं मूळ द्रावण, १५० पाणी. २० अंशांना १३ मिनिटं, २४ ला सुमारे ९. पहिल्या दहा सेकंदांत टँक चार वेळा उलटा-सुलटा करा, तळ दोनदा आपटा म्हणजे बुडबुडे सुटतात, आणि पुढे दर मिनिटाच्या सुरुवातीला चार वेळा. सतत हलवत बसायची सवय असेल तर सोडा, तुमचं आभाळ त्यानेही दाट झालेलं असू शकतं.

आता मित्रांचं बोलणं निगेटिव्हवर तपासून बघा, कारण ते प्रिंट बघून बोलत आहेत आणि दोष एक्सपोजर, डेव्हलपमेंट किंवा प्रिंट यांपैकी कुठेही असू शकतो. फिल्मच्या काठावर कारखान्यात छापलेले आकडे असतात. तुमच्या कॅमेऱ्याचा त्यांच्याशी संबंध नसतो, फक्त डेव्हलपमेंटचा असतो. आकडे चांगले काळे आणि चित्र मात्र विरळ असेल, तर एक्सपोजर कमी पडलंय. आकडेही फिकट असतील तर डेव्हलपमेंट कमी. सावल्या भरलेल्या आहेत, पण आभाळ इतकं काळं की त्यातून छापील अक्षर वाचता येत नाही, तर डेव्हलपमेंट जास्त झाली. पुढच्या रोलला वेळ १० ते १५ टक्क्यांनी घटवा. एकावेळी एकच गोष्ट बदला, आणि तारीख, तापमान, वेळ वहीत लिहा.

फिक्सर संपलाय का हे बघायला फिल्मचा सुरुवातीचा कापलेला तुकडा त्यात टाका. तो पारदर्शक व्हायला जेवढा वेळ लागेल त्याच्या दुप्पट वेळ फिक्स करायचं. नेहमीपेक्षा फार वेळ लागू लागला की फिक्सर बदला. शेवटचं खळबळणं डिस्टिल्ड वॉटरमध्ये, त्यात फोटो-फ्लोचे (पाणी फिल्मवर थेंब न धरता निथळावं म्हणून घालायचं द्रावण) दोन-चार थेंब. बोअरच्या पाण्याचे पांढरे ठिपके तेव्हाच थांबतात.

माझ्या एकाच फोटोवर एक जण म्हणतो डावीकडचा खांब काप, दुसरा म्हणतो खांबच फोटो आहे. कुणाचं ऐकू? – नाशिक

दोघांची औषधं वेगळी आहेत, पण दुखणं दोघांनी एकाच जागी दाखवलंय. तिथे काहीतरी आहे एवढं नक्की धरा. मंडळात पाच-सहा डोळे एकाच ठिकाणी अडखळले तर ती जागा खरी असते. तिथे काय करायचं हे त्यांना ठरवता येईलच असं नाही.

जाड काळ्या कार्डबोर्डचे दोन एल आकाराचे तुकडे कापा, प्रत्येक बाजू प्रिंटपेक्षा थोडी लांब. प्रिंटवर सरकवून चौकट लहान-मोठी करून दाखवा, वाद निम्मा तिथेच मिटतो. मग दोन प्रिंट काढा, खांबासह आणि खांबाविना, आकार एकच. ज्याने हा वाद ऐकलेला नाही अशा माणसापुढे ठेवा आणि "कुठला आवडला" असं विचारू नका, "हा फोटो कशाचा आहे" असं विचारा.

आमचं मत विचारलंत म्हणून: खांब ठेवा, त्याचा टोन एक पायरी गडद करा. आत्ता तो माणसाच्या सदऱ्याइतकाच उजळ आहे, म्हणून नजर दोघांत ओढाताण करते.

पडद्यावर सुंदर दिसतं, लॅबमधून प्रिंट काळी येते. वर थोडा हिरवट रंग. – ठाणे

पडदा फार उजळ आहे. पांढरं कोरं पान पडद्यावर उघडा, शेजारी खोलीच्या उजेडात कोरा कागद धरा. पडदा दिव्यासारखा वाटला तर कागदाच्या बरोबरीला येईपर्यंत खाली आणा. मोजायचं साधन असेल तर १०० कॅन्डेला प्रति चौरस मीटरच्या आसपास ठेवा.

हिरवट छटा येते कारण लॅब ब्लॅक अँड व्हाइट फोटो रंगीत कागदावरच छापते. तिथे काळा रंग तीन रंगांच्या मिश्रणातून तयार होतो. फाइल एसआरजीबी या रंगपद्धतीतली जेपीजी द्या आणि काउंटरवर "करेक्शन करू नका" असं सांगा, नाहीतर मशीन स्वतःच्या मनाने उजेड आणि रंग बदलते. मोठी प्रिंट काढण्याआधी ४ बाय ६ च्या तीन काढा: आहे तशी, अर्धा स्टॉप उजळ, एक स्टॉप उजळ. खिडकीपाशी पाहा, मग ट्यूबलाइटखाली पाहा. दोन्हीकडे हिरवी दिसली तर लॅबचा दोष, एकीकडेच दिसली तर दिव्याचा.

आमच्या गावात फोटो काढणारा मीच. जिल्ह्याला क्लब आहे, पण एसटीने तीन तास. फोटो दाखवू कुणाला? – गडचिरोली जिल्हा

पाकीट फिरवा. ब्रिटनमधल्या हौशी फोटोग्राफरांनी ही पद्धत शंभराहून अधिक वर्षं चालवली: प्रिंटचा गठ्ठा टपालाने एकाकडून दुसऱ्याकडे जातो, प्रत्येक जण आपला अभिप्राय लिहून पुढे पाठवतो. एकमेकांना दाखवत शिकायची रीत आपल्याकडेही जुनीच. मुंबईत १८५४ सालीच फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती आणि फोटोग्राफर डॉ. नारायण दाजींसारखी मंडळी तिच्यात होती. तेव्हा "कृष्णधवल" असं वेगळं म्हणायचीही गरज नव्हती, दुसरा रंग होताच कुठे.

पाच जण जमवा, जास्त नकोत. प्रत्येकाची ८ बाय १० इंचांची एक प्रिंट, मागे पेन्सिलीने क्रमांक. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. दोन प्रिंटच्या मध्ये बटर पेपर, वर-खाली हार्डबोर्ड, आणि सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत. जून ते सप्टेंबर पिशवी दुहेरी करा. दमट हवेत चकचकीत प्रिंट एकमेकींना चिकटल्या की सोडवताना पृष्ठभाग निघून येतो.

एकाने पाकीट जास्तीत जास्त सात दिवस ठेवायचं. स्पीड पोस्टला चार दिवस धरले तर पाच जणांचा फेरा पंचावन्न दिवसांत पुरा होतो. पाकीट तुमच्याकडे परत आलं की तुमची जुनी प्रिंट तिच्या अभिप्रायांसह काढून घ्या आणि नवी घाला. आपण कुठे पाठवलं, कधी पाठवलं याची एक ओळ सगळ्यांना मोबाइलवर टाकायची, नाहीतर तिसऱ्या गावात पाकीट कपाटावर जाऊन बसतं.

एक नियम मात्र पहिल्या फेरीपासून पाळा. अभिप्राय सामायिक वहीत लिहू नका. पहिल्याने "आकाश जड आहे" लिहिलं की पुढच्या चौघांनाही आकाशच जड दिसतं. प्रत्येकाने सुटा कागद लिहून, घडी घालून, प्रिंटच्या क्रमांकाच्या लिफाफ्यात टाकायचा आणि लिफाफा फक्त प्रिंटच्या मालकाने उघडायचा. कागदावर चार ओळी पुरतात: नजर आधी कुठे गेली, सगळ्यात उजळ काय आहे, कुठे दोन टोन एकमेकांत मिसळले, आणि यातली एकच गोष्ट बदलायची तर कुठली. फोटो सेलो टेपने कागदावर चिकटवून पाठवू नका, पहिल्याच फेरीत कोपरे फाटतील.